डक्टमधला आवाज

मंदाकिनीबाईंनी नळ बंद केला तसा पाण्याचा आवाज थांबला आणि त्याच्याखाली दडलेला दुसरा एक आवाज उघडा पडला. बारीक, चिरका, एकाच सुराचा. आला, थांबला, पुन्हा आला. भिजवायचे कपडे हातात तसेच धरून त्या उभ्या राहिल्या. डाव्या कानातलं मशीन कधीकधी शिटी मारायचं, पण ती शिटी कानाच्या आत वाजते. हा आवाज समोरून, भिंतीतून येत होता. बाथरूमच्या त्या भिंतीत उंचावर काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी होती आणि तिच्यापलीकडे डक्ट. सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप ज्यातून खाली उतरतात, ती चारी बाजूंनी बंद, काळोखी पोकळी. तिथे पारवे असत. पारव्यांचं घुमणं त्यांच्या ओळखीचं होतं. हे घुमणं नव्हतं. कुणीतरी कुणाला तरी बोलावत होतं.

सगळा जन्म त्यांनी कानांवर काढला होता. ट्रंक कॉलच्या काळात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. डोक्याला हेडफोन, समोर दिव्यांची भिंत, आणि कानात अख्खा महाराष्ट्र. पलीकडच्या माणसाने पहिला श्वास घेतला की त्यांना कळायचं, हा आता भांडणार आहे की कुणी गेल्याचं सांगणार आहे. आवाजावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर, असा तो काळ. आता कान गेले होते, त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. कान जातात. पण गेल्या काही महिन्यांत आणखीही काहीतरी जायला लागलं होतं, आणि ते काय आहे ते घरात कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. गॅसवर दूध ठेवून त्या गॅलरीत बसल्या आणि पातेलं जळून काळं झालं. पृथ्वीराजला, त्यांच्या मुलाला, त्यांनी एकाच जेवणात तीनदा विचारलं, दिवाळीची रजा टाकलीस का. आणि मग ती रिक्षा. भाजी घेऊन परत येताना त्यांनी रिक्षावाल्याला कर्वेनगर म्हणायच्या ऐवजी नारायण पेठ सांगितलं, अगदी ठामपणे, कुठली गल्ली तेही सांगितलं, आणि थोरल्या बहिणीच्या, वेणूताईच्या, बिल्डिंगखाली उतरून, मेथीची जुडी छातीशी धरून त्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या तेव्हा त्यांना आठवलं, की वेणूताई जाऊन दोन वर्षं झाली. पृथ्वीराज घ्यायला आला. त्याने मेथी स्वतःच्या हातात घेतली, गाडीचं दार उघडून धरलं आणि त्या आत बसेपर्यंत एक हात त्यांच्या डोक्यावर आडवा धरला, चौकट लागू नये म्हणून. तो हात त्यांना अजून आठवत होता. त्या दिवसापासून घरात सगळे त्यांच्याशी फार हळू बोलायला लागले. रागावणं बंद झालं. आणि गुरुवारी एका डॉक्टरांची वेळ घेतली होती, ‘सहज, रुटीन चेकअप’ म्हणून.

“शेफाली,” त्यांनी हाक मारली. सून आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होती. तिसऱ्या हाकेला आली, गळ्यात हेडफोन, तोंडावर मीटिंगचं अर्धवट हसू. “जरा इथे उभी राहा. काही ऐकू येतंय?” शेफाली उभी राहिली. डोकं किंचित तिरपं करून तिने खरोखर ऐकलं, हे मंदाकिनीबाईंना नंतरही कबूल करावं लागलं. दोघी त्या ओल्या फरशीवर श्वास धरून उभ्या होत्या. नळातून एक थेंब पडला. वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश केला आणि पाणी डक्टमधून धडधडत खाली गेलं. त्यानंतर काहीच नाही. “पारवे असतील, आई,” शेफाली म्हणाली. “नाही गं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “मांजराचं पिल्लू आहे ते. आत्ता ओरडत होतं.” “हो का? असेल.” तिने त्यांच्या दंडाला हात लावला. “तुम्ही बसा बरं बाहेर. कपडे मी मशीनला लावते.” असेल. या एका शब्दात तिने दार किती मऊ हाताने लावून घेतलं! नाही म्हणाली असती तर त्या भांडल्या असत्या. दार लोटताना शेफालीचा अंगठा मोबाइलवर भराभर चालत होता, तेवढं त्यांनी पाहिलं.

त्या हॉलमध्ये येऊन बसल्या आणि बसल्या बसल्या वेणूताईच्या घरात पोचल्या. वेणूताईचं दारापासून सुरू झालं होतं. “दार वाजतंय,” ती म्हणायची. मेहुणे उठायचे, कडी काढायचे, बाहेर कुणी नसायचं. पुन्हा बसले की, “अहो, वाजतंय ना.” सुरुवातीला ते प्रत्येक वेळी उठत. मग एकाआड एक. मग नुसतंच “बघतो हं” म्हणून पेपर वाचत राहायचे. मंदाकिनीबाई तिथे जाऊन बसायच्या तेव्हा वेणूताई त्यांचा हात धरून म्हणायची, “मंदे, तुझे कान चांगले. तू सांग ह्यांना.” आणि त्या ऐकायच्या. मनापासून ऐकायच्या, जसं आज शेफालीने ऐकलं. आणि ‘असेल’ म्हणायच्या. तो दार वाजवणारा पुढे पुढे हिंमतवान होत गेला. आधी टिचक्या मारायचा, मग थापा, मग त्याला नाव आलं, त्यांच्या लहानपणी वारलेल्या भावाचं. शेवटच्या दिवसांत वेणूताई रात्रंदिवस कानांवर उशी दाबून पडलेली असायची. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले. वेणूताईचा चेहरा, नाक, हनुवटीवरचा खड्डा, सगळं त्यांच्यासारखंच होतं. लहानपणी लोक जुळ्या समजायचे.

संध्याकाळी पृथ्वीराज आला. बूट काढता काढता, मान वर न करता त्याने विचारलं, “काय गं आई, तो आवाज अजून येतोय का?” आवाज येत होता. बाथरूमचं दार बंद होतं, हॉलचा पंखा चालू होता, शेफाली कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होती, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो बारीक सूर सुईसारखा टोचत होता. “नाही,” त्या म्हणाल्या. “पारवेच असतील.” मुलाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं त्यांना दिसलं. तो हसला, “मी म्हटलंच शेफालीला,” म्हणाला, आणि त्यांना एकदम इतकं एकटं वाटलं, की पुढे जेवतानाही पोळीचा घास तोंडात फिरत राहिला. या घरात त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या असं नाही. पण स्वतःच्या कानांविरुद्ध कधी बोलल्या नव्हत्या.

सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी त्या बाथरूममध्ये गेल्या, दार लावून घेतलं आणि थांबल्या. बराच वेळ काहीच आलं नाही. बरं झालं, गेलं, असं त्या स्वतःशी म्हणत होत्या, आणि तेवढ्यात आला. पण कालचा नव्हता. कालचा सूर ताठ होता, हा मधेच मोडला. पुन्हा सुरू होताना खालून सुरू झाला, घासत, जणू घशाला कोरड पडली होती. मग मोठा खंड. मग नुसता श्वासासारखा एक आवाज, ज्याच्यात सूर नव्हताच. मंदाकिनीबाईंनी भिंतीच्या गार टाइलवर तळहात टेकवला. ट्रंक लाइनवर असे आवाज त्यांनी ऐकले होते. घाबरलेली माणसं आधी ओरडतात. मग त्यांचा आवाज लहान लहान होत जातो, आणि सगळ्यात लहान झाला की समजायचं, आता वेळ नाही. आणि तिथे, बनियनवर टॉवेल घेतलेला मुलगा बाहेरून “आई, झालं का?” विचारत असताना, त्यांच्या मनात एक साधी गोष्ट लख्खकन उभी राहिली. वेणूताईला येणारा आवाज कधी दमला नव्हता. डोक्यातल्या आवाजाला भूक लागत नाही. त्याचा घसा बसत नाही. तो दिवसेंदिवस धष्टपुष्ट होत जातो, कारण तो तुमच्यावरच जगत असतो. हा आवाज मरायला लागला होता. म्हणजे तो खरा होता.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो जेमतेम एक क्षण टिकला. खरा होता, तर काल दिवसभर होता. काल त्यांनी ‘नाही’ म्हटलं तेव्हाही होता.

पृथ्वीराज ऑफिसला गेला, शेफाली दार लावून मीटिंगला बसली, आणि मंदाकिनीबाई पायात चपला सरकवून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या. रंगनाथराव पहिल्या मजल्यावर राहत. निवृत्त होते, आणि दुसऱ्यांना निवृत्त करणं हा त्यांचा छंद होता. दार उघडलं ते जाळीचं तसंच ठेवून. “बोला वहिनी.” त्यांनी सांगितलं. डक्टमध्ये मांजराचं पिल्लू अडकलंय, खालचं दार उघडून द्या. रंगनाथरावांनी चष्मा कपाळावर ढकलला. “त्या दारासमोर मीटरचं पॅनेल बसवलंय. दार आता सुट्टीवर आहे. उघडायचं तर इलेक्ट्रिशियन आणा, प्लंबर आणा, जनरल बॉडी बोलवा. शिवाय डक्ट सोसायटीचा, पण मांजर कोणत्या फ्लॅटचं?” “ते मरेल हो.” “तसं आपण सगळेच.” मग त्यांचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला, आणि हा खाली आणलेला आवाज आता मंदाकिनीबाईंच्या ओळखीचा झाला होता. “वहिनी, काल तुमच्या सूनबाईंनी ग्रुपवर विचारलं होतं. डक्टमधून कुणाला आवाज येतोय का, म्हणून. एकाही फ्लॅटमधून हो आलं नाही. तुम्ही घरी जा. आराम करा.”

जिना चढताना प्रत्येक दार त्यांना बघत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. काल रात्री चार मजल्यांवरच्या जेवणाच्या टेबलांवर त्या वाढून ठेवल्या गेल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई, हो, त्याच, त्यांना आवाज येतात म्हणे. शेफालीचा भराभर चालणारा अंगठा त्यांना आठवला आणि कानशिलं तापली. घरात येऊन त्यांनी पाणीही घेतलं नाही. स्वयंपाकघरातून कापडी पिशवी घेतली, गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडवली, दुधात पोळीचा तुकडा कुस्करला, पिशवीत आपली जुनी सुती ओढणी आणि तिच्यावर तो तुकडा घातला आणि बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं. स्टूल ओल्या फरशीवर जरासं सरकलं. त्यांनी ते पायाने दाबून पाहिलं. पडलं, मोडलं, तर गुरुवारच्या डॉक्टरांना काही विचारायची गरजच उरणार नाही. मग एक बाई ठेवतील, दिवसभर हळू आवाजात बोलणारी. हे सगळं दिसत असूनही त्यांनी एक पाय वर ठेवला आणि मग दुसरा.

काचेच्या पट्ट्या गंजलेल्या क्लिपांतून एकेक निघाल्या. दोन बोटं कापली, कळलं नाही. खिडकीतून डोकं आत घातलं तेव्हा पारव्यांच्या विष्ठेचा, शेवाळाचा आणि कुठल्यातरी साबणाचा वास तोंडावर आला. वर आकाशाचा छोटा चौकोन, खाली काहीच नाही. डोळे सरावले तेव्हा पाइप दिसले, फुटका मग दिसला, आणि खिडकीच्या बरंच खाली, जिथे एक आडवा पाइप भिंतीत शिरत होता तिथे, पाइप आणि भिंत यांच्या बेचक्यात, राखेच्या गोळ्यासारखं काहीतरी. गोळ्याने तोंड वर केलं. त्याचा एक डोळा चिकटून बंद होता. दुसरा उघडा होता आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

“आले हं,” त्या म्हणाल्या. “लाइनवर राहा. सोडू नकोस.” इतक्या वर्षांनी तो आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला, ड्यूटीवरचा, सपाट आणि भरवशाचा. पिशवी दोरीने खाली सोडली. ती पाइपला आदळली, फिरली, पिल्लू मागे सरकलं आणि त्याचा मागचा पाय पोकळीत गेला. पाय परत आला. पिशवी पुन्हा वर, पुन्हा खाली, अगदी नाकाशी. दुधाचा वास गेला असावा, कारण पिल्लाने मान लांब केली, आणि मग एकदम, भुकेने सगळी अक्कल गमावल्यासारखी त्याने पिशवीवर झेप घेतली. ते आत पडलंच नाही. पुढच्या दोन्ही पायांची नखं बाहेर लोंबणाऱ्या ओढणीत रुतली आणि बाकीचं अंग हवेत लोंबकळत राहिलं.

त्यांनी आणखी झुकून दोरी धरली आणि खिडकीची चौकट कानाला घासली. काहीतरी हलकंसं सुटलं. मशीन. पाइपावर एकदा उडून ते अंधारात गेलं, आणि ते तळाला आपटल्याचंही त्यांना ऐकू आलं नाही, कारण त्या क्षणी सगळंच बंद झालं. पाणी, पारवे, स्वतःचा श्वास, सगळं. कालपासून त्यांच्याकडे आवाज होता आणि दिसत काही नव्हतं. आता सगळं दिसत होतं. गुलाबी तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं, आणि त्याच्यातून काहीही येत नव्हतं. ओढणीचा एक धागा ताणला जाऊन तुटताना त्यांनी पाहिला. वर ओढावं तर हिसक्याने नखं सुटतील. न ओढावं तर धागे सुटतील. आणि स्टूल, पायाखालचं स्टूल, उजवीकडे सरकत होतं. “शेफाली!” त्या ओरडल्या. घशात कंप जाणवला, म्हणजे आवाज निघाला असावा. किती मोठा, माहीत नाही. शेफालीच्या कानांवर हेडफोन असणार, दार बंद असणार. ‘आई ओरडतात हल्ली’ असंही तिला वाटू शकतं. “शेफाली, खरं आहे गं हे! खरं आहे!”

मग त्या थांबल्या. कुणी येईल याची वाट बघणंही त्यांनी सोडून दिलं. दोरी मनगटाला एक वेढा देऊन घेतली आणि वितीवितीने, जशी आडातून भरलेली कळशी काढतात तशी, वर घ्यायला लागल्या. दुखरा खांदा पेटला. स्टुलाचा एक पाय उचलला गेला. आणि त्याच वेळी मागून दोन हात आले आणि त्यांच्या कमरेला घट्ट, दुखेल इतके घट्ट आवळले. त्यांनी मागे पाहिलं नाही. ओढणी वर आली, पिशवी वर आली, त्यांनी उजवा हात खाली खुपसला आणि हाताला लागलं ते धरलं. मानगूट. हाडं. ऊब. नखं त्यांच्या मनगटात शिरली तेव्हा त्या मोठ्याने हसल्या, आणि ते हसणंही त्यांना ऐकू आलं नाही.

बाथरूमच्या फरशीवर दोघी बसल्या होत्या, मधे ओढणीत ते थरथरणारं राखाडी काहीतरी. शेफाली रडत होती आणि बोलत होती. मंदाकिनीबाईंनी रिकाम्या कानाकडे बोट दाखवलं. शेफालीने डोळे पुसले आणि त्यांच्या उजव्या, जरा बऱ्या असलेल्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, “अख्ख्या मीटिंगला ऐकू गेलं, आई!” मग थोड्या वेळाने, “काल मी ग्रुपवर विचारलं होतं. मला वाटत होतं, एकाने तरी हो म्हणावं. एकाने तरी.” मंदाकिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. जिना चढताना तिला काय काय म्हणाल्या होत्या मनात!

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाचा डोळा धुतला, सुईने पाणी दिलं, मादी आहे म्हणाले, जगेल म्हणाले. मंदाकिनीबाईंच्या कापलेल्या बोटांना शेफालीने पट्टी बांधली आणि नखांच्या ओरखड्यांसाठी पुढे इंजेक्शन घ्यायचं ठरलं. परत येताना रिक्षात पिल्लू मंदाकिनीबाईंच्या मांडीवर होतं. “हिला आता कुठे सोडायची नाही,” त्या म्हणाल्या, आणि शेफालीने मान हलवली, जणू हे सकाळीच ठरलं होतं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली. “गुरुवारचं मी रद्द करते, आई. आमचंच चुकलं. तुम्हाला बरोबर ऐकू येत होतं.”

मंदाकिनीबाई बाहेर बघत होत्या. दुकानांच्या पाट्या, सिग्नल, कॉलेजची पोरं, सगळं काचेपलीकडे असल्यासारखं मुकं सरकत होतं. आत्ता हो म्हटलं असतं तर सगळे सुखी झाले असते. पृथ्वीराजने रात्री ही गोष्ट हसत हसत दहा जणांना सांगितली असती. पण डॉक्टरांच्या टेबलापाशी एक गोष्ट झाली होती आणि ती त्यांनी पाहिली होती. हिला गाईचं दूध चालेल का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी उत्तर कागदावर लिहून दाखवलं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी तोच कागद, तीच ओळ, बोट ठेवून पुन्हा त्यांच्यासमोर धरली, आणि शेफालीने खाली बघितलं.

“शेफाली, मी दुधाचं दोनदा विचारलं का गं?”

शेफालीने पिल्लावरची ओढणी सारखी केली. तिच्या तोंडावर ‘असेल’ येऊन थांबलेलं मंदाकिनीबाईंना स्पष्ट दिसलं. मग तिने ते गिळलं, आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून ओठ मोठे करून म्हणाली, “तीनदा.”

मंदाकिनीबाईंनी मान हलवली. भीती वाटली, पण ती जमिनीसारखी होती, तिच्यावर पाय टेकता येत होता. “मग रद्द करू नकोस,” त्या म्हणाल्या. “आणि तिथेही असंच सांग. हळू आवाजात नको.”

रिक्षा सिग्नलला थांबली. रिक्षावाला मागे वळून मांडीकडे बघत काहीतरी बोलला. शेफालीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “काय झालं?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“ओरडतेय, आई. केव्हाची.”

“मला नाही ऐकू येत.”

“मला येतंय,” शेफाली त्यांच्या कानाशी म्हणाली. “भूक लागलीय तिला.”

मंदाकिनीबाईंनी ओढणीच्या आत हात घातला. इवल्याशा गळ्याखाली, बोटाच्या टोकाला, काहीतरी पुन्हा पुन्हा थरथरत होतं.

“मग रिक्षा जरा लवकर घ्यायला सांग त्याला,” त्या म्हणाल्या.